काचेच्या दाराआड गिऱ्हाईक कसं जोखलं जातं

माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. तीन वर्षांपूर्वी हंगाम संपल्यावर त्यांनी ठरवलं, की आता पाठीला सोसेल अशी गाडी घ्यायची. वय 58, मणक्याचं जुनं दुखणं आणि महिन्यातून तीन-चार वेळा मुंबईची फेरी. मला सोबत घेऊन ते एका परदेशी कंपनीच्या शोरूममध्ये गेले. गेलो ते त्यांच्याच पिकअपमधून. मागे फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम होते. गार्डने दार उघडायच्या आधीच विचारलं, "कोणाला भेटायचंय?" मामा म्हणाले, "भेटायचं कोणालाच नाही. गाडी बघायचीय."

आत सोफ्यावर आम्ही 20 मिनिटं बसलो. आमच्या मागून आलेल्या जोडप्याला कॉफी मिळाली, त्यांच्यासाठी गाडीची दारं उघडली गेली, सीट मागेपुढे करून दाखवली गेली. आमच्याकडे कोणी आलं नाही. मामा उठले, गाडीच्या बॉनेटवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "चल, दूध काढायची वेळ झाली."

त्या दिवशी मी फार चिडलो होतो. पुढे याच धंद्यात असलेल्या दोन मित्रांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्या 20 मिनिटांमागचं गणित हळूहळू कळलं. गिऱ्हाइकाची पारख शोरूमला करावीच लागते, हे आता मला पटलंय. ती चपलेवरून करावी लागते, हे मात्र पटलेलं नाही. दोन्ही गोष्टी नीट उलगडून सांगतो.

साडीचं दुकान आणि गाडीचं दुकान

लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या साडीच्या दुकानात गादीवर बसलं, की समोरचा माणूस न विचारता 40 साड्या उलगडतो. घेतली नाही तरी त्याचं जातं काय? घड्या घालायची मेहनत. महागड्या गाडीचं तसं नाही. टेस्ट ड्राइव्हसाठी ठेवलेली डेमो गाडी लाखोंची असते, तिचा विमा असतो, ती जितकी फिरते तितकी तिची किंमत उतरते. सोबत एक माणूस तासभर अडकतो. त्यात शोरूममध्ये शिरणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त बघायला, फोटो काढायला आलेले असतात. त्यात वाईट काही नाही, पण सेल्समनच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. त्याचा ठरलेला पगार साधारणच असतो. खरी कमाई होते ती इन्सेंटिव्हवर, म्हणजे विकलेल्या गाडीमागे, लावून दिलेल्या कर्जामागे, विम्यामागे, ॲक्सेसरीजमागे मिळणाऱ्या रकमेवर. त्याचा तास म्हणजे त्याचा पैसा.

बाजारही लहान आहे. भारतात वर्षाला 40 लाखांहून जास्त मोटारी विकल्या जातात, त्यात या आलिशान गाड्या शंभरात एकीच्या आसपास. 2024 मध्ये मर्सिडीज-बेंझने देशभरात 19,565 गाड्या विकल्या, बीएमडब्ल्यूने आपला मिनी हा ब्रँड धरून 15,721, ऑडीने 5,816. लॅम्बोर्गिनीचा आकडा 2023 मध्ये पहिल्यांदाच शंभरी ओलांडून 103 वर गेला, तर ती बातमी झाली. हे आकडे देशभराचे. ते शहराशहरांतल्या शोरूममध्ये वाटले, की एकेका सेल्समनच्या वाट्याला महिन्याला मोजून काही गिऱ्हाइकं येतात. म्हणून खरं गिऱ्हाईक कोणतं हे त्याला लवकरात लवकर ओळखायचं असतं.

या ओळखण्याला त्यांच्या बोलीत "क्वालिफाय करणं" म्हणतात. दारातून आपण होऊन आलेला माणूस म्हणजे "वॉक-इन". त्याचं नाव-नंबर कॉम्प्युटरमध्ये चढला की ती "एन्क्वायरी" होते. मग एन्क्वायरीला ताप मोजल्यासारखे शिक्के लागतात: हॉट, वॉर्म, कोल्ड. येत्या काही दिवसांत घेणारा हॉट, दोन-तीन महिन्यांत घेईल असा वॉर्म, बाकीचे कोल्ड. हॉट माणसाला रोज फोन जातो, कोल्ड माणसाला सणासुदीला मेसेज. आमची त्या दिवशी एन्क्वायरीसुद्धा झाली नाही. आमचं नावच कोणी विचारलं नाही, म्हणजे त्यांच्या हिशेबात आम्ही तिथे गेलोच नव्हतो.

प्रत्येक साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो

सेल्समन गप्पा मारल्यासारखं विचारतो, "सध्या कोणती गाडी वापरता, सर?" यातून त्याला तीन गोष्टी कळतात. तुमची ऐपत, तुमची जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये येणार का, आणि तुम्ही अशा गाडीचा देखभालीचा खर्च आधी सोसलाय का. "राहायला कुठे?" यात पत्ता कमी आणि परिसर जास्त विचारलेला असतो. शिवाय तुमचा भाग दुसऱ्या डीलरच्या हद्दीत येतो का, हेही कळतं.

"गाडी पर्सनल नावावर की कंपनीच्या?" हा प्रश्न मला आधी भोचकपणाचा वाटायचा. त्यामागे मोठा हिशेब आहे. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर 13 टक्के वाहनकर लागतो, कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के. 80 लाखांच्या गाडीत हा फरक साडेपाच लाखांच्या पुढे जातो. दुसरीकडे धंद्याच्या नावावर घेतलेल्या गाडीचा घसारा दरवर्षी हिशेबात दाखवता येतो. म्हणजे उत्तर काय येतं त्यावर पुढचं सगळं कोटेशन बदलतं, आणि बोलणारा माणूस व्यवसाय चालवणारा आहे का हेही सेल्समनला कळतं.

"टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी घरीच आणतो ना" ही सोय खरोखर चांगली आहे, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चढता-उतरता येतं का ते बघायला. पण त्यात घर बघणं, पार्किंग बघणं, घरात निर्णय कोणाच्या हातात आहे ते बघणं हेही आलं. आणि "साधारण कधीपर्यंत विचार आहे?" हा तर हॉट-कोल्डचा थर्मामीटर. यावर "बघू" असं म्हणालात की तुम्ही कोल्डच्या डब्यात गेलात.

या प्रश्नांबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट हे प्रश्न विचारले जाणं हाच मान आहे. पाच मिनिटं बोलून जी गोष्ट पक्की कळते, ती न बोलता, नुसती नजर टाकून ठरवणं हा खरा दोष आहे. नजर काय बघते? बाहेर उभी केलेली गाडी, पायातलं पायताण, मनगट, हातातला फोन, सोबतचा माणूस, बोलण्याची भाषा. मराठी मुलुखात, मराठी सेल्समनशी, आपण हिंदी किंवा इंग्रजीत सुरुवात केली की जरा जास्त आदर मिळतो, हा अनुभव किती जणांचा असेल!

नजर कुठे चुकते

2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. इटलीतल्या मिलान शहरात, महागड्या कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्यांना विचारलं गेलं: एक बाई व्यायामाच्या कपड्यांत दुकानात आली आणि दुसरी उंची पोशाख आणि फरचा कोट घालून आली, तर खरी गिऱ्हाईक कोण? दुकानातल्या लोकांनी व्यायामाच्या कपड्यांतल्या बाईकडे बोट दाखवलं. तोच प्रश्न रस्त्यावरच्या सामान्य माणसांना विचारला, तर त्यांनी कोटवाली सांगितली. दुकानदारांनी आयुष्यभर गिऱ्हाइकं पाहिलेली असतात. ज्याला कोणाला काही सिद्ध करायचं नसतं तो नटून येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. म्हणजे कपड्यांवरून माणूस मोजण्याची चूक मुरलेला विक्रेता कमी करतो, नवखा जास्त करतो. आणि दारावर, पहिल्या टेबलावर बहुतेक ठिकाणी नवखाच असतो.

आपल्याकडे तर पैसा कसा दिसतो याचे ठोकताळे केव्हाच मोडलेत. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात सुमारे 150 मर्सिडीज घेतल्या. सौदा 65 कोटींच्या आसपासचा होता. संख्या दाखवून त्यांनी कंपनीकडून सवलत मिळवली आणि बँकेकडून कमी व्याज. मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरात एवढं गिऱ्हाईक असेल, हे त्या दिवसापर्यंत अनेकांच्या खिजगणतीत नव्हतं. ऊस, द्राक्षं, डाळिंब, दूध, जमिनीचा मोबदला, गावाकडच्या ठेकेदारी, या सगळ्यांतला पैसा कोट घालून येत नाही. तो पायजम्यात येतो, कधी चेकबुक मुलाच्या हातात देऊन स्वतः मागे उभा राहतो.

जानेवारी 2022 मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूची घटना देशभर गाजली. गाडी आलिशान नव्हती, मालवाहू पिकअप होती. शेतकरी मित्रांसोबत बघायला आला. तुझ्या खिशात दहा रुपये तरी असतील का, अशा अर्थाचं बोलून विक्रेत्याने त्याला हिणवल्याचा आरोप झाला. तासाभरात तो शेतकरी दहा लाख रुपये घेऊन परत आला. गाडी मात्र त्यांच्याकडे लगेच द्यायला नव्हतीच. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, माफी मागितली गेली. ही गोष्ट लोक शेतकऱ्याने जिरवली म्हणून सांगतात. मला त्यात वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं: मान मिळण्यासाठी त्याला आधी पैसे दाखवावे लागले. ज्याच्याकडे तासाभरात दहा लाख जमणार नव्हते, त्याला हिणवलेलं चाललं असतं का?

बाई सोबत असेल तर

याचं एक रूप घराघरात ओळखीचं आहे. गाडी बायको चालवणार, हप्ते तिच्या पगारातून जाणार, आणि सेल्समन इंजिनाबद्दल बोलतो नवऱ्याशी. तिच्याशी बोलतो ते रंग आणि सनरूफबद्दल. हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही, किमतीवर येतो. अमेरिकेत शिकागोमध्ये इयान आयर्स या कायद्याच्या प्राध्यापकाने शोरूममध्ये माणसं पाठवून याची परीक्षा घेतली आणि 1991 मध्ये निष्कर्ष छापले. सगळ्यांनी सारखेच कपडे, सारखंच बोलणं, घासाघीस करायची पद्धतही सारखीच. तरी डीलरने शेवटी सांगितलेल्या भावात त्याचा नफा गोऱ्या पुरुषांपेक्षा गोऱ्या स्त्रियांकडून सुमारे 40 टक्के जास्त होता, कृष्णवर्णीय पुरुषांकडून दुपटीहून जास्त, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांकडून तिपटीहून जास्त. त्या गाड्या साध्याच होत्या. पण भाव तोंडी ठरत असला की विक्रेत्याच्या मनातला ग्रह थेट बिलावर उतरतो, हे त्यातून उघड झालं.

याला एक उतारा आपल्याकडे आलाय. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर 2021 पासून भारतात विक्रीची रीत बदलली. पूर्वी डीलर कंपनीकडून गाड्या विकत घेऊन आपल्या आवारात ठेवायचा, व्याज भरायचा आणि मग गिऱ्हाइकाशी भाव जुळवायचा. आता साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर किंमत एक, आणि डीलरला कमिशन. त्यामुळे गाडीच्या मूळ किमतीत कोणाचा चेहरा बघून सूट देण्याला जागा उरली नाही. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पण घासाघीस संपली असं समजू नका. ती सरकली आहे. जुन्या गाडीचा एक्स्चेंज भाव, विमा, वाढीव वॉरंटी, सिरॅमिक कोटिंग, ॲक्सेसरीज, इथे अजून तोंडीच हिशेब चालतो.

जिथे कंपनीच गिऱ्हाईक निवडते

अगदी वरच्या टोकाला तर नातंच उलटं होतं. फेरारीने 2024 मध्ये जगभरात 13,752 गाड्या दिल्या, एवढ्याच. मागणी त्याहून मोठी ठेवायची हेच त्यांचं धोरण आहे, आणि मोजक्या संख्येत निघणारी मॉडेल्स आधीपासूनच्या निष्ठावान गिऱ्हाइकांच्या वाट्याला येतात. फोर्ड कंपनीने 2016 मध्ये जीटी या गाडीसाठी चक्क अर्ज मागवले. 500 गाड्या आणि साडेसहा हजारांवर अर्ज. निवड झालेल्यांत कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना होता. दोन वर्षं गाडी विकायची नाही, हे त्याने करारात मान्य केलं होतं. त्याने ती आधीच विकली, तेव्हा कंपनीने त्याच्यावर 2017 मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. साडेचार लाख डॉलरहून जास्त मोजून घेतलेली गाडी, आणि ती विकायला बंदी! सटोडियांना रोखायचं म्हणून हे केलं जातं, पण त्यातून "मला निवडलं" ही भावनाही विकली जाते.

या भावनेचाच दुसरा पदर म्हणजे तुसडेपणा. विक्रेता जरा ताठ वागला तर उंची ब्रँडची ओढ वाढते, असं 2014 मधल्या आणखी एका अभ्यासात दिसलं होतं. हे वाचून काही दुकानदार खूश झाले असतील. पण त्याच अभ्यासात पुढे असंही दिसलं, की हा परिणाम काळाबरोबर विरत जातो. हँडबॅगेचा सौदा त्याच दिवशी होतो. गाडीचा सौदा जमायला आठवडे लागतात, आणि पुढे पाच-सात वर्षं सर्व्हिसिंगला त्याच दारात यावं लागतं.

तरी शोरूमवाले निर्धास्त का असतात? कारण अनेक शहरांत एका कंपनीचं शोरूम एकच असतं. तिथे अपमान झाला म्हणून तुम्ही रस्ता ओलांडून दुसरीकडे जाऊ शकत नाही, शंभर-दोनशे किलोमीटर जावं लागतं. आमच्या मामांचं तेच झालं. दुसऱ्या कंपनीच्या दोन गाड्या त्यांनी चालवून पाहिल्या, पाठीला मानवल्या नाहीत. आठ महिन्यांनी ते त्याच शोरूममध्ये परत गेले. सोबत याही वेळी मी होतो.

परत जाताना काय केलं

आधी फोन केला, वेळ घेतली, मॉडेल सांगितलं, टेस्ट ड्राइव्ह हवी म्हणालो आणि तारीख मेसेजवर मागितली. हे सगळ्यांनीच करावं. नाव आधीच एन्क्वायरीत चढलेलं असलं की सोफ्यावर बसवून ठेवता येत नाही, कारण ती एन्क्वायरी कोणाच्या तरी नावावर असते आणि मॅनेजर तिचं काय झालं ते विचारतो. जाताना ड्रायव्हिंग लायसन्स हवंच.

मग कोटेशन ओळ-ओळ वाचलं. वाहनकर आणि नोंदणी शुल्काची सरकारी पावती मिळते, तेवढीच रक्कम द्यायची. "हँडलिंग चार्जेस" अशी ओळ दिसली तर ती कशासाठी, हे लेखी विचारायचं. बहुतेकदा विचारल्यावर ती जाते. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती करता येत नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा, लाखाच्या घरात फरक पडू शकतो. दहा लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विकतानाच गोळा करायचा कर, बिलात लागतो, तो आपला आगाऊ आयकरच असतो, रिटर्न भरताना मिळतो. पॅन द्यावाच लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, म्हणून "थोडे रोख द्या, जमवून घेऊ" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते फॉर्म 22 वर, म्हणजे कंपनी गाडीसोबत देते त्या प्रमाणपत्रावर, असतं. आवारात वर्षभर उभी राहिलेली गाडी नव्या किमतीत गळ्यात पडू नये म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी ते बघा. बुकिंग रद्द केलं तर किती कापणार, हे पावतीवर लिहून घ्या.

आणि काही बिनसलंच, तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. 50 लाखांपर्यंत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, त्याच्या वर दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे, त्याच्याही वर राष्ट्रीय आयोगाकडे. कंपनीच्या नावावरची, पण संचालकाच्या वापरातली गाडी असेल तर "तुम्ही ग्राहकच नाही" असा बचाव डीलर घेतात. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका गाडीच्या खटल्यात तो मान्य केला नाही.

या खेपेला आमच्याशी बोलायला आलेला मुलगा सिन्नरचा होता. त्याने मामांना पहिल्यांदा मागच्या सीटवर बसवलं, मग पुढच्या, मग विचारलं, "कंबरेला कुठे लागतंय?" सीटचा टेकू त्याने चार वेळा कमी-जास्त केला. किमतीचा विषय अर्ध्या तासाने निघाला, तोही मामांनी काढला. पंधरा दिवसांनी गाडी घरी आली.

डिलिव्हरीच्या दिवशी फीत, केक, फोटो हे सगळं झालं. निघताना तो मुलगा हळूच म्हणाला, "मामा, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या, नाहीतर माझं इन्सेंटिव्ह कापतात." हे खरंच आहे. गिऱ्हाईक किती समाधानी, याचा एक आकडा कंपनी ठेवते आणि अनेक ठिकाणी आठ मार्क म्हणजे नापास धरतात.

फोन तिसऱ्या दिवशी आला. मामा गोठ्यात होते, त्यांनी स्पीकर लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, एक ते दहामध्ये किती गुण द्याल?"

"त्या पोराला दहा लिही," मामा म्हणाले. "आणि एक अजून लिहायला जागा आहे का बघ. दारावर 'कोणाला भेटायचंय' विचारतात. तिथे 'या, बसा' म्हणायला सांगा."

"सर, त्यासाठी इथे वेगळा कॉलम नाहीये," ती म्हणाली.

"मग वहीत लिही," मामा म्हणाले, आणि ती लिहून होईपर्यंत फोन धरून उभे राहिले.